कब्रस्तानाच्या यादीतली अडतीस फुलं

कादरसरांनी कागद थेट माझ्या कीबोर्डवर ठेवला आणि एका ओळीवर बोट टेकवलं.

"बेटी, ह्या नावापुढं एक फूल होतं. ते कुठं गेलं?"

मी ओळ वाचली. नाव, मृत्यूची तारीख, रांग, कबरीचा नंबर. पुढे काही नव्हतं. ही यादी मीच चार महिन्यांपूर्वी करून दिली होती. माझ्या कामात कचरा सापडत नाही, याचा मला तोरा होता.

"सर, यादीत फूल कशाला येईल?" मी विचारलं.

सर खुर्चीवर टेकले. डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा काळा चष्मा होता. "ही शकिला. माझी बायको. तिच्या बाजूची जागा मी माझ्यासाठी राखली होती. फूल म्हणजे राखलेली जागा. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडं हैदराबादला गेलो होतो. परवा आलो, जुम्म्याची नमाज पढून कब्रस्तानात गेलो, तर तिच्या बाजूला नवी माती."

सर काय म्हणताहेत ते मला त्याच क्षणी कळलं होतं. तरी मी विचारलं, "तुम्हाला नक्की आठवतं ना, सर?"

"मी गणित शिकवलंय तीस वर्सं," ते म्हणाले. "नक्की आठवतं."

लातूरला गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत माझं डीटीपीचं दुकान आहे. लोकांचा मजकूर कॉम्प्युटरवर टाइप करून, नीट मांडून छापण्याजोगा करून देणे, हे काम. लग्नपत्रिका, अहवाल, शाळांच्या स्मरणिका. माहेर भोकरचं. धंदा शिकले नांदेडच्या एका छापखान्यात. तिथले फोरमन कडक होते. प्रुफावर एक वेडावाकडा ठिपका दिसला तरी ओरडायचे, "हा कचरा कुणाच्या बापानं ठेवला? काढ आधी!" ती सवय हाडात मुरली. दिसला कचरा की काढ.

कादरसर उदगीरचे. हायस्कूलमधून रिटायर झाल्यावर मोहल्ल्यातल्या कब्रस्तान कमिटीची यादी तेच ठेवायचे. तिथल्या बहुतेक कबरी कच्च्या. दोन-चार पावसाळ्यांत माती बसते आणि जमीन सपाट होते. जागा कमी, म्हणून जुन्या रांगांत पुन्हा खोदावं लागतं. कोण कुठे आहे हे यादीच सांगते. नवरा किंवा बायको गेल्यावर मागे राहिलेलं माणूस कधीकधी कमिटीला म्हणतं, माझ्यासाठी बाजूची जागा ठेवा. कमिटी ठेवते. कुणी पावती मागत नाही, कुणी देत नाही. सर फक्त त्या ओळीपुढे एक फूल टाकायचे.

ही यादी त्यांनी घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केली होती. हा फॉन्ट काय प्रकार आहे ते सांगते. पूर्वीच्या मराठी फॉन्टमध्ये अक्षर खरं इंग्रजीच असायचं. वर फक्त मराठीचा मुखवटा. तो फॉन्ट ज्या मशीनवर आहे तिथे 'शकिला' दिसणार, ज्यावर नाही तिथे नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. आता सगळीकडे युनिकोड चालतं, म्हणजे मराठी अक्षर कुठल्याही मशीनवर, मोबाइलवरही मराठीच दिसतं. सरांचा कॉम्प्युटर अखेरच्या घटका मोजत होता. म्हणून ते पेनड्राइव्ह घेऊन माझ्याकडे आले होते. यादी युनिकोडमध्ये करून हवी होती.

काम सोपं होतं. कन्व्हर्टर नावाचा प्रोग्राम असतो. त्यात जुना मजकूर टाकला की युनिकोड बाहेर येतं. पण त्याला जे चिन्ह ओळखता येत नाही ते तो तसंच सोडतो. मग मजकुरात ~ ˆ Ö असले खडे राहतात. ते वेचायला एडिटरमध्ये, म्हणजे टाइप करायच्या प्रोग्राममध्ये, Find and Replace असतं. वरच्या चौकटीत नको असलेलं चिन्ह टाकायचं, खालची चौकट रिकामी ठेवायची आणि Replace All दाबायचं. सगळीकडचं ते चिन्ह एका फटक्यात जातं. असं मी हजारदा केलं आहे.

सरांच्या यादीत एक खडा ¤ असा होता, चार काटे फुटलेल्या गोलासारखा. मी तो वरच्या चौकटीत टाकला, खालची रिकामी ठेवली. एडिटरने सांगितलं, अडतीस ठिकाणी बदल झाला. मी ओके दाबलं.

त्यांच्या फॉन्टमध्ये त्या चिन्हाच्या जागी पाच पाकळ्यांचं फूल होतं. माझ्या मशीनवर तो फॉन्टच नव्हता. मी ते फूल कधी पाहिलंच नाही.

पण तेवढ्याने माझी सुटका होत नाही. कन्व्हर्टरचा कचरा शब्दांच्या मध्ये अडकतो, कुठेही, कसाही. हे चिन्ह दर वेळी ओळीच्या शेवटी होतं, एक जागा सोडून, शिस्तीत. कचरा इतका शिस्तीत बसत नाही. ते मला दिसलं होतं. हात थांबला नाही, एवढंच.

आणि त्यावर मी आणखी शहाणपणा केला. जुनी आणि नवी अशा दोन फायली राहिल्या तर कमिटीचा गोंधळ होईल, म्हणून त्याच पेनड्राइव्हवर त्याच नावाने नवी फाइल सेव्ह केली. सरांनी विचारलं, "सगळं आलं ना?" मी म्हणाले, "एकदम साफ, सर. आता तो जुना डबा भंगारात द्या." त्यांनी माझं ऐकलं.

सरांसमोरच मी कमिटीच्या नव्या सेक्रेटरीला फोन लावला. इरफान. सरांचाच विद्यार्थी, उदगीरला मोबाइलचं दुकान चालवतो.

"ताई, लिस्टमधी काईच न्हवतं," तो म्हणाला. "मला वाटलं, जागा रिकामी हाय. घरचे लोक रडून राहिले होते, घाई होती. मी लिस्ट पाहिली आन् जागा दाखवली. सरांना फोन करावा असं मनातबी आलं न्हाई. लिस्ट सरांचीच ना."

त्याचं काय चुकलं होतं? काहीच नाही.

"कुणाची कबर आहे ती?" फोन ठेवल्यावर मी सरांना विचारलं.

"आमच्याच गल्लीतली पोरगी. बाळंतपणात गेली. तिला काय उठ म्हणू?"

मी चहा सांगितला. तो तसाच गार झाला.

मग मी जे जे करता येईल ते केलं. माझ्या मशीनवरची कॉपी मी दर दोन महिन्यांनी करते त्या साफसफाईत उडाली होती. सर हैदराबादला जाताना पेनड्राइव्ह इरफानकडे देऊन गेले होते, तो त्याने पाठवला. त्यावर रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चालवलं. पुसलेली फाइल कधीकधी त्यातून परत मिळते. नाव मिळालं, आत नुसते चौकोन. मधल्या काळात इरफानने त्यावर कमिटीच्या कार्यक्रमाचे व्हिडिओ भरले होते. भंगारवाल्याकडे कॉम्प्युटर सुटा होऊन पुढे गेला होता. सरांची जुनी वही होती, पण फुलं त्यांनी फक्त कॉम्प्युटरवरच टाकली होती.

उरली सरांची आठवण. तीन रविवार मी एसटीने उदगीरला गेले. इरफानच्या दुकानात मागे एक बाकडं होतं. मी एकेक नाव मोठ्याने वाचायची. सर डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "हाव" किंवा "न्हाई". कधी थांबायचे. "ह्याची बायको बोलली होती मला. पुना वाच." शंका आली की इरफान त्या घरी फोन लावायचा. आता चिन्हाच्या भानगडीत मी पडले नाही. "बाजूची जागा राखीव" असं पूर्ण वाक्य टाइप केलं, कुठल्याही मशीनवर वाचता येईल असं.

तिसऱ्या रविवारी यादी संपली. अडतीसपैकी छत्तीस जमली होती. त्यातली एक सरांची स्वतःची. दोन काही केल्या आठवेनात. म्हणजे उदगिरात दोन माणसं अशी आहेत, ज्यांना वाटतं आपली जागा राखलेली आहे. ती कोण, हे आम्हाला माहीत नाही. सरांनी कपाळावर हात मारून घेतला. "माझ्या जागेचं एक वेळ सोड," ते म्हणाले. "त्या दोघांनी माझ्यावर भरवसा ठिवला होता."

निघताना मी विचारलं, "सर, शकिलाबींच्या ओळीपुढे काय लिहू?"

इरफान चटकन म्हणाला, "सर, अम्मांच्या कबरीच्या पायथ्याकडं थोडी जागा निघती. मी कमिटीत बोलतो."

"न्हाई," सर म्हणाले. "मापात बसवायला मी काय कपाट हाय? कोरं राहू दे." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "ती जायच्या आदल्या महिन्यात तिला मी सांगितलं होतं, बाजूचीच जागा मागून घेतो म्हणून. खोटं पडलं ना माझं."

त्यांनी मला एकदाही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. बसमध्ये मी रडले, शेजारची बाई विचारत राहिली, ताई, काय झालं. तिला काय सांगू? एडिटरमध्ये एक चिन्ह उडवलं, असं?

आता मी कन्व्हर्ट करण्याआधी गिऱ्हाइकाकडून जुन्या मशीनवरची छापील प्रत मागते. न ओळखलेलं चिन्ह काढत नाही, पिवळं करून ठेवते. लोक वैतागतात. "ताई, हा पिवळा कचरा काढा की." मी म्हणते, आधी सांगा हे तुमचं कशाचं आहे. मूळ फाइल मी पुसत नाही. हे शहाणपण उशिरा आलं आणि त्याचा सरांना काही उपयोग झाला नाही.

गेल्या थंडीत सर गेले. दफन झाल्यावर दोन दिवसांनी इरफानने, यादीतल्या नव्या नोंदी आता मीच टाइप करते म्हणून, सरांची नोंद व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. नाव, तारीख, रांग, नंबर. पूर्वेच्या भिंतीकडची रांग, जिथे नंबर आला तिथे. शकिलाबींची ओळ यादीत बरीच वर होती. सरांची मी सगळ्यात खाली टाइप केली, दोनदा तपासली आणि पाठवून दिली.