बाईंनी घेतलेली तालीम

कुणी ‘कळलं नाही’ म्हणालं, की कोल्हारच्या आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाई खुर्ची सोडून उभ्या राहायच्या. “शाब्बास! आता माझं काम सुरू झालं.”

बरोबर उत्तराला शाबासकी देणारे शिक्षक तुम्हीही पाहिले असतील. न कळण्याला मान देणारं माणूस मी तरी दुसरं पाहिलं नाही.

एकाहत्तर साली बाईंचेच विद्यार्थी, मी आणि दशरथ, पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो. सगळं इंग्रजीत. प्राध्यापक विचारायचे, “समजलं?” आणि आम्ही खेड्यातली पोरं मान डोलवायचो. गुरुजींना पुन्हा विचारणं म्हणजे त्यांचा अपमान, हे घरूनच शिकलेलो. दिवाळीला दशरथ ट्रंक, वळकटी घेऊनच एसटीतून उतरला. बौद्धवाड्यातून कॉलेजात गेलेला तो पहिला, आणि आता परत जायचं नाही म्हणत होता.

मी तेव्हा चळवळीची पत्रकं काढायचो; त्याला व्यवस्थेवर भाषण दिलं.

“ते तुझ्या पत्रकात छाप,” तो म्हणाला. “मला ड्रॉइंग कळत न्हाई.”

बाईंना कळलं तशा त्या त्याच्या घरी गेल्या, चहा प्यायल्या आणि आम्हा दोघांना प्रवरेच्या घाटावर घेऊन आल्या. वरच्या पायरीवर उभ्या राहून भरभर इंग्रजी बोलू लागल्या. त्या बोलण्याला काही अर्थ नव्हता. “मला अडवा! मान डोलवली की बाद!”

दशरथ पायरीकडे बघत काहीतरी पुटपुटला.

“अरे, पलीकडं म्हैस धुतोय ना, त्यानं वळून बघितलं पाहिजे.”

“बाई, लाज वाटती.”

“मला वाटत नसेल? माझं इंग्रजी ऐकलंस ना?”

तो हसला. सुट्टीभर रोज ही तालीम चालली. शेवटी तो एका तासापुरता पुण्याला यायला तयार झाला. सामान घरीच ठेवून.

ड्रॉइंगचा तास. फळा भरला होता. दशरथ उठला. 

“सर, न्हाई कळलं.”

वर्ग हसला.

“कुठपासून?” सरांनी विचारलं.

“पहिल्यापासनं.”

हसू थांबलं. मागच्या बाकावरचा एक जण उठला, मग आणखी एक. सरांनी फळा पुसला आणि पहिली रेघ पुन्हा ओढली.

मी पत्रकांत ‘उठा’ असं किती वेळा लिहिलं होतं. उठलेला माणूस त्या दिवशी पाहिला.

उन्हाळ्यात पहिल्या वर्षाचा निकाल घेऊन आम्ही दोघं बाईंच्या खोलीवर गेलो. दाराला कुलूप. “बदली झाली त्यांची, जामखेडकडं,” शेजारीण म्हणाली.

दशरथनं निकालाचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

“जामखेडला नगरवरनंच जावं लागंल ना?” त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता तो स्टँडकडे चालू लागला.