शर्यत झाल्यावरची दुपार

एका तरण्याताठ्या मुलाला लघवी कधी होते, याची आम्ही सहा माणसं सबंध दुपार वाट बघत बसलो होतो, असं मी सांगायला लागले की माझ्या सुना तोंडाला पदर लावतात. लावा बाई. पण मला विचाराल तर शर्यत त्या दिवशी सकाळी झालीच नाही. ती दुपारी झाली, आमच्या बाहेरच्या खोलीत, खाटेभोवती.

मध्यभारत मोडून मध्यप्रदेश झाला, त्या हिवाळ्यातली गोष्ट. मी तेरा वर्षांची. बाबा सरकारी कचेरीत कारकून. कचेरी भोपाळला हलली तसे फायलींच्या पेट्यांबरोबर तेही गेले, आणि महाकालाच्या गावी, फ्रीगंजातल्या दोन खोल्यांत आई, दादा आणि मी उरलो. दादा वीस वर्षांचा. नावाला कॉलेजात, पण जीव सगळा पळण्यात. रोज उजाडायच्या आत उठून देवास सडकेला जायचा आणि दूधवाला यायच्या वेळेला घामानं निथळत परत.

त्याच्याबरोबर पळणारे आणखी तिघं. एक कपडा मिलमधला विणकर, काटकुळा, अनवाणीच पळायचा. एक पोस्टमन, आमच्यासारखाच मराठी, जिभेला हाड नसलेला. आणि तिसरा रामघाटावरचा पंडा, यात्रेकरूंची पूजा सांगणारा, वयानं दादाएवढाच, पण यजमानांच्या घरचे लाडू खाऊन थोडा सुटलेला. आणि या चौघांना पळवणारे वस्ताद. ते पूर्वी संस्थानी फौजेत हवालदार होते. संस्थान गेलं, फौज गेली, राहिल्या फक्त मिशा आणि शिस्त. स्वतः सायकलवर बसायचे आणि मागून ओरडायचे. त्यांचा एक नियम होता, आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. पळताना पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. "पानी पिया कि पेट में गोला, गोला आया कि आदमी गया." संपलं.

नवं राज्य झालं म्हणून लोकांनी हौसेनं मोठी शर्यत ठेवली. पुरे सव्वीस मैल. टावर चौकातून निघायचं, देवास सडकेनं तेरा मैल जायचं आणि तसंच परत यायचं. इंदूरचे, रतलामचे पळणारे येणार म्हणून वस्तादांनी नियम आणखीच घट्ट केला. आदल्या दिवशी दादा मला मोरीपाशी घेऊन गेला आणि हळूच म्हणाला, "सव्वीस मैल कोरडं नाही गं जमायचं मला. मी परत येईन तेव्हा तू, नागझिरीच्या अलीकडे ती मोठी चिंच आहे ना, तिच्या आड उभी राहा. लोटाभर लिंबाचं पाणी, मीठसाखर घालून. वस्ताद दिसले तर लोटा लपव."

"आणि आईनं विचारलं तर?"

"तुला खोटं बोलता येत नाही का? रोज तर बोलतेस."

मी गेले. लोटा पदराखाली, म्हणजे ओढणीखाली, अजून साडी नेसत नव्हते मी. त्या वर्षी थंडीचा पत्ताच नव्हता. नऊ वाजले तशी सडक तापली. आधी इंदूरचे दोघं गेले, मग कुणी रतलामचा, आणि मग आमचा विणकर आला. आला म्हणजे काय, लडखडत आला. डोळे असे की समोरचं दिसतंय की नाही कळेना. त्यानं मला ओळखलं असेल असंही नाही. त्यानं फक्त लोटा बघितला आणि दोन्ही हातांची ओंजळ करून पुढे वाकला.

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? मी मनात म्हटलं, एक घोट देऊ. ओतायला लागले. तो पीत गेला, मी ओतत गेले, आणि थांबवायचं कसं ते मला कळलंच नाही. लोटा सरळ केला तेव्हा तळाशी लिंबाच्या दोन बिया होत्या. तो "जीती रह, बहना" म्हणून पळत सुटला. बघता बघता पाय सुधारले त्याचे.

पाच-सात मिनिटांनी दादा आला. ओठ पांढरे, कानशिलांवर मिठाचे ओघळ वाळलेले. मी रिकामा लोटा पुढे केला आणि रडायलाच लागले. "दादा, दिलं रे त्याला... तो पडला असता..." दादानं लोट्यात बघितलं. मग माझ्या डोक्यावर टपली मारली. "बरं केलंस. रडू नको, पुढेच तर आहे टावर," म्हणाला आणि गेला. पुढेच कुठलं हो, अजून तीन मैल होते.

मी घरी पोहोचले तोवर शर्यत संपली होती. आमचा विणकर तिसरा आला. पोस्टमन आणि पंडा मागून आले, आणि दादा त्यांच्याही मागून, पण आला. टावर चौकात हार घातले, जलेबी वाटली, आणि पाचही जण हसत, लंगडत आमच्याकडेच आले, कारण आमचं घर सगळ्यांत जवळ. आईनं पाणी तापत ठेवलेलंच होतं. घंगाळात मीठ घालून पाय बुडवले, तिळाच्या तेलात कापूर घालून पोटऱ्यांना चोळलं. पोस्टमनच्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं, ते तो सगळ्यांना फिरून फिरून दाखवत होता. पंड्याच्या मांड्या सोलवटल्या होत्या, ते मात्र तो कुणाला दाखवत नव्हता. आईनं कधी नव्हे ते बाबांची जुनी धोतरं काढून त्यांच्या पट्ट्या फाडल्या.

आणि दादानं ओकारी काढली. एकदा, मग दुसऱ्यांदा. मग खाटेवर आडवा झाला तो उठेचना. पोटऱ्यांत गोळे यायचे तसे आता पोटातही यायला लागले. हात लावला तर कातडी कोरडी आणि गरम.

गल्लीच्या तोंडाशी डॉक्टर राहायचे, त्यांना मी धावत जाऊन आणलं. त्यांनी नाडी बघितली, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली आणि विचारलं, "सकाळपासून लघवीला गेला होता का?"

दादानं मान हलवली. नाही.

"वाटेत पाणी किती घेतलं?"

वस्ताद म्हणाले, "डॉक्टरसाहब, हमारे लड़के दौड़ में पानी नहीं पीते." अभिमानानं म्हणाले हो. डॉक्टर त्यांच्याकडे बघतच राहिले. मग आईला बाजूला घेऊन म्हणाले, "मीठसाखरेचं पाणी चमच्या-चमच्यानं देत राहा. एकदम पाजलं तर पुन्हा ओकेल. त्याच्या मूत्रपिंडांवर ताण आलाय. लघवी झाली तर निभावलं. पाच वाजेपर्यंत नाही झाली तर मोटार करून इंदूरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं. वाट बघायची नाही. आणि झाली की मला दाखवायची, मी रंग बघेन." एक रिकामी बाटली ठेवून गेले.

घड्याळात साडेबारा झाले होते.

आईचं तोंड मी त्या दिवशी बघितलं तसं पुन्हा कधी बघितलं नाही. बाबा भोपाळला, तार केली तरी उद्या पोहोचणार. ती चमचा घेऊन बसली. मी वाटी धरून बसले, आणि माझ्या पोटात एकच, की माझ्यामुळं. ते पाणी त्याचं होतं, मी दिलं दुसऱ्याला. आणि तो दुसरा समोर भिंतीला टेकून बसलाय, तिसरा आलाय, गळ्यात अजून हार आहे.

दीड वाजला. काही नाही. पोस्टमननं सुरुवात केली. एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून पाण्याची धार धरायची आणि तोंडानं "शूऽऽ शूऽऽ" करायचं, तान्ह्या मुलाला करतात तसं.

"अरे बंद कर ते," दादा म्हणाला. "मी काय पाळण्यात आहे का?"

"पाळण्यात असतास तर एव्हाना तीन दुपटी भिजवली असतीस. काकू, याला लहानपणी कसं होतं?"

आई एवढ्या काळजीतही म्हणाली, "भिजवायचा बाई. सहा वर्षांचा होईस्तोवर."

"आई!" दादा ओरडला, आणि सगळे हसले, आणि हसताना प्रत्येकाच्या पोटऱ्यांत गोळे आले, ते पाय धरून विव्हळायला लागले. असं ते चाललं होतं.

अडीच वाजले. काही नाही. आता धार धरायचं कुणाला सुचेना. आई पुटपुटली, "पण असं कसं झालं? बाकीचे तिघंही तेवढंच पळाले. यालाच का?"

मी वाटी खाली ठेवली. म्हटलं, आता सांगावंच लागणार. तोंड उघडलं तोच विणकर उठला. हार काढून खुंटीला अडकवला आणि आईच्या समोर येऊन बसला. "अम्मा, गुनहगार मैं हूँ. इसका पानी मैं पी गया. बहन लेकर खड़ी थी इसके लिए, मैं पूरा लोटा पी गया. एक घूँट नहीं छोड़ा."

आईनं माझ्याकडे बघितलं. वस्तादांनी विणकराकडे बघितलं. "तूने? दौड़ में पानी?"

आणि मग पंडा घसा साफ करत म्हणाला, "उस्ताद, मैंने भी लिया. पर वो पानी नहीं था. कमंडल में शिप्राजी का जल था, एक यजमान रास्ते में लेकर खड़ा था. तीर्थ था."

"कितना तीर्थ?"

"दो कमंडल."

पोस्टमन बिचारा पायाच्या नखाकडे बघत होता. वस्ताद त्याच्याकडे वळले. तो म्हणाला, "उस्ताद, त्या सडकेवरच्या तीन गावांत मी डाक देतो. विहिरीवर बाया उभ्या, म्हणतात डाकबाबू, पाणी घ्या. मी नाही म्हटलं तर उद्या पत्रं घेतील का माझ्या हातून?"

"तीन गाँव?"

"जाताना तीन. येताना तीन."

मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. म्हणजे सगळ्यांनीच चोरून पाणी घेतलं होतं, आणि सगळे एकमेकांपासून लपवत होते. कोरडा राहिला तो एकटा माझा भाऊ. आई मला रागावली नाही. तिनं नुसता चमचा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तू दे आता."

वस्ताद उठून खाटेपाशी आले. मग विणकराला म्हणाले, "हट." स्वतः खाटेच्या पायथ्याशी बसले आणि दादाचे पाय मांडीवर घेऊन दाबायला लागले. दादा उठायला बघू लागला, एवढा मोठा माणूस पाय दाबतोय म्हणून. "लेटा रह," ते ओरडले. आणि मग हळू आवाजात, दादाला की स्वतःला कोण जाणे, म्हणाले, "हमको फौज में यही सिखाया था. मेरा एक साथी दौड़ते-दौड़ते गिरा था. हम समझे, कमज़ोर था." माझ्या चमच्याकडे बघत राहिले, आणि मी जरा थांबले की म्हणायचे, "और दे, बेटा. और दे."

साडेतीन झाले, चार झाले. पंड्यानं मोटारीची चौकशी करून ठेवली. आईनं दादाचे दोन सदरे पिशवीत घातले, काढले, पुन्हा घातले. दादाच्या कपाळाला मात्र आता बारीकसा घाम आला होता. मी आईला दाखवला. ती बोटानं पुसून त्या बोटाकडे बघत राहिली.

साडेचारला दादा म्हणाला, "मला उठवा."

विणकर आणि वस्ताद, दोघांच्या खांद्यांवर हात टाकून तो मोरीकडे गेला. बाटली पोस्टमननं दिली. आई आणि मी आतल्या खोलीत गेलो, पण दार काही आम्ही लावलं नाही. काही ऐकू येईना. रस्त्यावरून तांगा गेला, तो गेल्यावरही काही नाही. आणि मग विणकराचा आवाज आला, मिलच्या भोंग्यासारखा, "हो गया! अम्मा, हो गया!"

मी आईच्या गळ्यात पडले. बाहेर पंडा मोठ्यानं महाकालाचा जयजयकार करत होता, आणि त्यातच दादाचा आवाज, "अरे, निदान पुरी तर होऊ द्या!"

बाटली घेऊन मीच पळाले. रंग कडक चहासारखा होता. मला वाटलं, आता डॉक्टर काय म्हणतात. त्यांनी उजेडात धरून बघितली आणि हसले. "घाबरू नको. रंग येईल ताळ्यावर. पाणी चालू ठेवा, अजून दोनदा-तीनदा होऊ दे. इंदूर रद्द."

घरी येऊन मी एवढंच ओरडले, "इंदूर रद्द!" आईनं पिशवीतले सदरे काढून फेकल्यासारखे दांडीवर टाकले आणि मुगाची खिचडी चढवली, पातेलंभर. सगळे जेवले. दादानं चार घास खाल्ले आणि ते पोटात राहिले. वस्ताद वाटीभर कढी प्यायले, मग पाणी मागितलं, मग आणखी मागितलं. पोस्टमन म्हणाला, "उस्ताद, पेट में गोला?" आणि वस्तादांनी, काय सांगू, मिशीतल्या मिशीत हसून त्याला शिवी दिली.

दिवेलागणीला ते निघाले. आमच्या दाराला चार पायऱ्या. आता सव्वीस मैल पळलेल्या माणसाला पायरी उतरता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. गुडघा वाकतच नाही. तिघांनी प्रयत्न करून बघितला, मग एकमेकांना धरून पाठमोरे उतरायला लागले, उलटे, शिडीवरून उतरतात तसे, "आ... ऊ..." करत. खाली वस्ताद उभे राहून हुकूम देत होते, "एक! दो!" बाबा भोपाळला गेल्यापासून आई अशी हसली नव्हती. भिंतीला धरून हसत होती.

तेवढ्यात आतून दादानं हाक मारली, "अगं आई, परत लागलीय!"

आणि शपथेवर सांगते, ते तिघंही पुन्हा वर चढायला लागले.