काळ्या काचेची दोन दारं

बोटाचं टोक नुसतं टेकवलं की आधी आत कुठेतरी 'घूंऽऽ' असा, झोपलेल्या मांजराच्या पोटातून यावा तसा आवाज यायचा, आणि मग त्या काळसर काचेची दोन दारं — एक डावीकडे, एक उजवीकडे — कुणी हात न लावता, जराही घाई न करता सरकत जायची. आतल्या हिरव्या दिव्याचा उजेड आमच्या दीड खोलीच्या घरावर असा पडायचा की स्टोव्हवरची दुधाची पातेलीसुद्धा क्षणभर राजवाड्यातली वाटावी... माझी लेक प्रज्ञा लहान असताना त्या दारांसमोर हात जोडून उभी राहायची. तिला वाटायचं, आत कुणीतरी बसलंय आणि तेच दार उघडतं.

आता तुम्ही म्हणाल, बालपणीच्या आठवणी लिहायला बसली आणि ही बाई लेकीचं बालपण सांगते! काय करू, माझं स्वतःचं बालपण पाच भावंडांना कडेवर घेण्यात गेलं. घरात उघडून बघावी अशी वस्तूच नव्हती. एक घड्याळ होतं, तेही मामाच्या मनगटावर. 'ह्याच्या आत काय असतं?' हा प्रश्न मला पहिल्यांदा मनसोक्त विचारता आला तो पन्नाशीच्या उंबरठ्यावर, दोन हजार चार-पाचच्या सुमाराला, दहा वर्षांच्या लेकीच्या शेजारी जमिनीवर पालथं पडून. म्हणून ते बालपण आम्हा दोघींचं, असं धरून चाला.

आम्ही अंबरनाथ पूर्वेला राहायचो. हे एमआयडीसीत पहिल्या पाळीला जायचे, आणि वारा फिरला की तिकडचा आंबूस वास ह्यांच्या आधी घरी पोहोचायचा. मी उल्हासनगरच्या कारखान्यातून जीन्सचे गठ्ठे आणून त्यांचे दोरे कापायची, काजं करायची. बोटं कायम निळी, आणि घरभर कोऱ्या कापडाचा तो कोरडा, नाकाला झोंबणारा वास. खिडकीखालच्या खाटेवर माझे सासरे, आबा. आबा ऑर्डनन्स फॅक्टरीत फिटर होते आणि रविवारी गायन पार्टीत पेटी घेऊन बसायचे. आवाज असा, की माईक बंद पडला तरी मागच्या रांगेला कळायचं नाही. पण ह्या गोष्टीच्या दोन वर्षं आधी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. डोकं मात्र लख्ख! सगळं समजायचं, बोलता काही यायचं नाही. डाव्या हाताची मूठ खाटेच्या लाकडावर आपटायची, एवढीच त्यांची भाषा उरली होती.

ती काळी दारं होती एका स्टिरिओची. तो माझ्या दिरांनी आखातातून आणलेला, प्रज्ञाच्या जन्माच्याही आधीचा. त्याच्यावरच, एका दुपारी, दिरांनी आबांसमोर माईक धरून त्यांचं एक गाणं भरून घेतलं होतं. आबांनी स्वतः रचलेलं, आपल्या आईवरचं: गावच्या सार्वजनिक विहिरीचं पाणी तिनं पहिल्यांदा ओंजळीत घेतलं, त्या दिवसाचं. वहीत कुठे उतरवलेलं नव्हतं, आणि पार्टी मोडल्यावर रचलेलं, म्हणून सोबत्यांनाही येत नव्हतं. ते होतं फक्त त्या एका कॅसेटमध्ये, आणि कॅसेट त्या दारांच्या आत, यंत्राच्या खणात.

आबा आजारी पडल्यावर कुणी स्टिरिओ लावलाच नाही. ज्याचा आवाज गेला त्याच्यासमोर त्याचाच आवाज कसा लावायचा, सांगा! पण त्या वर्षी प्रज्ञानं ठरवलं, एप्रिलमधल्या जयंतीच्या कार्यक्रमात विहारात आबांचं गाणं म्हणायचं. आबांच्या कानाशी जाऊन तिनं विचारलं तेव्हा त्यांनी मूठ आपटली नाही, डोळे मिटून मान हलवली. मग मी धूळ पुसली, बोट टेकवलं. घूंऽऽ... आवाज आला. दारं जागची हलली नाहीत.

पुन्हा टेकवलं. घूंऽऽ. दारं ढिम्म.

सगळी बटणं दारांच्या आत, रिमोट कधीच हरवलेला, आणि यंत्राची तऱ्हा अशी की दार पूर्ण उघडल्याशिवाय आतलं काही चालूच होत नसे. स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्याला दाखवलं तर म्हणाला, "काच तोडावी लागेल, काकी. कॅसेटची गॅरंटी नाय." मी पदराखाली झाकून घेऊन आले घरी, आजारी लेकरासारखा. हे म्हणाले, "ठेव आता कोपऱ्यात. उद्या घड्याळ बिघडलं तर तेही उघडशील काय?"

पण मला एक गोष्ट सुचली होती आणि ती काही केल्या डोक्यातून जाईना. शिवणमशीनचं चाक फिरतं पण सुई हलत नाही, तेव्हा चाकाला दोष द्यायचा नसतो. मधलं कुणीतरी कामावर आलेलं नसतं. इथे घूंऽऽ येतंय म्हणजे फिरणारं फिरतंय. दारंही धड आहेत. मग मधे कोण गैरहजर आहे?

फाल्गुनातली दुपार, पंखा बंद — तेव्हा रोज दुपारी वीज जायची — आणि आम्ही मायलेकी स्टिरिओची पाठ उघडून बसलो. काढलेले स्क्रू डब्याच्या झाकणात ओळीनं, आणि कुठलं चाक कुठे ते प्रज्ञा गणिताच्या वहीत काढून ठेवत होती. आतून जुन्या धुळीचा, तापलेल्या प्लॅस्टिकचा, असा काहीतरी दूरदेशीचा वास आला. आणि काय सांगू, केवढी मौज होती आत! अंगठ्याएवढी मोटर, तिच्या टोकाला चण्याएवढी पुली, समोर एक मोठं चाक, त्याला दातेरी चाक, त्याला दात्यांची लांब पट्टी, आणि त्या पट्टीला दार. कडेला पत्र्याची एवढीशी जीभ; दार पुरतं सरकलं की ती दाबली जाणार आणि मोटरला कळणार, बास, थांब आता. म्हणजे दाराला स्वतःला काही कळत नव्हतं, त्या जिभेला कळत होतं! प्रज्ञा तिकडे टक लावून बघत म्हणाली, "आई, आत कुणी बसलेलं नाहीये." तिच्या आवाजात थोडं दुःख होतं आणि खूप नवल.

चण्याएवढ्या पुलीपासून मोठ्या चाकापर्यंत जायला हवा होता एक रबराचा पट्टा. त्याच्या जागी होतं काळं, चिकट, डांबरासारखं काहीतरी. उन्हाळ्यांनी पट्टा वितळून गेला होता. बोटं निळी होती ती आता काळीही झाली. रॉकेलनं धुतली तरी ते काळं दोन दिवस जाईना.

जीन्सच्या गठ्ठ्यांना बांधलेलं एक रबरबँड मी तिथे चढवलं. वीज आली. बोट टेकवलं आणि दार चार बोटं उघडलं! प्रज्ञा ओरडली. पण कुरकुरत तिथेच अडकलं, आणि मी माझ्या सवयीप्रमाणे केलं. आमच्या घरात कुठलंही यंत्र कुरकुरलं की त्याला तेल. शिवणमशीनला तेल, कडीला तेल, प्रज्ञाच्या सायकलला तेल. नळीचं टोक आत घातलं आणि सढळ हातानं सोडलं.

खाटेवर मूठ आपटली. थड् थड् थड्.

"काय आबा? पाणी हवं?" थड् थड्. "कुशीवर करू?" आबा लाल झाले होते. डोळे माझ्या हातातल्या तेलाच्या नळीवर. मी आपली विचारतेय, "चहा टाकू का? आत्ता तर घेतलात!" तीस वर्षं यंत्रं जोडलेला माणूस, समोर सून रबरावर तेल ओततेय, आणि त्याला एक शब्द सांगता येत नाही... हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा मी खरंच चहा टाकला. त्यांनी तो प्यायला नाही.

दार परत बंद झालं आणि मग चार बोटंही उघडेना.

दुसऱ्या दिवशी गठ्ठे पोहोचवायला उल्हासनगरला गेले तेव्हा ते रबरबँड रुमालात बांधून नेलं. कॅम्पातल्या एका गल्लीत जुन्या टेपरेकॉर्डरांचं दुकान होतं. भिंतीवर खिळेच खिळे, आणि खिळ्याखिळ्यावर बारीक काळे पट्टे, बांगड्या टांगाव्यात तसे. गल्ल्यावरच्या सिंधी शेठनी रबरबँड घेतलं, नाकाशी नेलं.

"मशीन का तेल डाला?"

"हो."

"अदी, तेल लोहे को, रबर को नहीं! रबर तेल पिता है, फिर काम नाय करत. खोला किसने?" अदी म्हणजे सिंधीत ताई.

"मीच."

"और आदमी?"

"आदमी ड्युटीवर."

शेठ हसून म्हणाले, "साइज सांगा, साइज. पट्टा अंदाज से नाय मिळत." मी ब्लाऊजमधून दोऱ्याची गुंडाळी काढली. पुलीपासून चाकापर्यंत वेढा घेऊन मी दोरा कापून ठेवला होता. शेठनी त्या मापाचा पट्टा काढला, आणि मी म्हटलं, "हा नको. ह्याच्याहून थोडा कमी द्या." फ्रॉकच्या कमरेला इलॅस्टिक घालताना कमरेइतकंच घातलं तर फ्रॉक गळून पडतो, थोडं कमी कापायचं, मग ते धरून राहतं. चाकाची काय वेगळी कंबर असते? शेठनी आतल्या खोलीकडे तोंड करून सिंधीत काहीतरी सांगितलं, आतून बायकांचं हसणं ऐकू आलं. मग मला म्हणाले, "उद्यापासून इथेच बसा, अदी. मी दोरे कापतो."

घरी येऊन सगळं तेल पुसलं. साबणाच्या पाण्यानं दोनदा, कोरड्या फडक्यानं तीनदा. ह्या वेळी खाट स्टिरिओजवळ ओढली आणि प्रत्येक पायरीला आबांकडे बघितलं. चाक पुसलं: मान हलली. पट्टा चढवला: मान हलली. सवयीनं तेलाकडे हात गेला तर मूठ वर! मी हसले, तेही हसले, त्या अर्ध्या चेहऱ्यानं.

तीनच्या सुमाराला वीज आली. प्रज्ञानं बोट टेकवलं. घूंऽऽ... आणि दारं सरकली. डावं, उजवं, निवांत, जणू मधली दोन वर्षं झालीच नाहीत. हिरवा दिवा लागला. प्रज्ञानं बटण दाबलं. थोडी खरखर, दिरांचं खाकरणं, आणि मग आबांचा तो भरदार आवाज घरात उभा राहिला.

मी आबांकडे बघायचं टाळत होते. बघितलं तेव्हा ते रडत नव्हते. ते ऐकत होते, फिटर यंत्र ऐकतो तसे, मान तिरकी करून. पहिलं कडवं, दुसरं... डाव्या हातानं ताल धरलेला. तिसऱ्या कडव्यात आई ओंजळ ओठांना लावते आणि काहीतरी म्हणते. कॅसेटमध्ये आबांनी गायलं होतं की ती म्हणाली, 'धन्य झाले मी'. आणि तिथे मूठ आपटली.

आम्ही मागे घेतलं, पुन्हा लावलं. बरोबर त्याच जागी, थड्! "आबा, हे चुकलंय?" मान हलली. "चाल चुकली?" नाही. "शब्द?" हो, हो! "पणजीआजी असं म्हणालीच नव्हती?" प्रज्ञानं विचारलं, आणि आबांनी तिचा हात घट्ट धरला.

मग कितीतरी दुपारी आमचा तोच उद्योग. "गोड आहे, म्हणाली?" नाही. "गार आहे?" नाही. "भीती वाटते?" आबा थांबले, विचारात पडले, आणि नाही. हे ड्युटीवरून आले की बूट न काढताच विचारायचे, "सापडला का शब्द?" आणि स्वतःही दोन-चार टाकून बघायचे. आबा ओठ हलवायचे, घशातून नुसता वारा यायचा, आणि कधीकधी चिडून भिंतीकडे तोंड करायचे. गाण्यात शोभावं म्हणून त्यांनी एकदा जे घातलं होतं ते त्यांना आता नको होतं. खरं होतं ते मात्र बाहेर येत नव्हतं.

शब्द मिळाला नाही. एप्रिल आला. पांढऱ्या फ्रॉकात प्रज्ञा विहाराच्या ओट्यावर उभी राहिली, पुढच्या रांगेत खुर्चीवर आबा. जुनंच म्हणायचं असं आमचं ठरलं होतं. ओंजळ ओठांना लागेपर्यंत ती म्हणाली आणि थांबली. पोर विसरली, म्हणून मी अर्धी उठलेही. ढोलकीवाल्यानं बिचाऱ्यानं ताल चालूच ठेवला. ती आबांकडे बघत होती. आबांची वर निघालेली मूठ हळूहळू उघडली आणि मांडीवर टेकली. तेवढी एक ओळ तालावर रिकामीच गेली. मग तिनं पुढचं कडवं उचललं.

आबा पुढच्या थंडीत गेले. स्टिरिओचे पट्टे पुन्हा कधीतरी वितळले, मी पुन्हा बदलले, मग मोटरच गेली. कॅसेटमधलं गाणं आता प्रज्ञाच्या फोनवर आहे, पण ते ती कुणाला ऐकवत नाही. स्वतः म्हणून दाखवते. दर एप्रिलला नवा ढोलकीवाला असतो, आणि ती त्याला आधी समजावून सांगते की तिसऱ्या कडव्यात मी गप्प होईन, तू थांबू नकोस. त्या तेवढ्या वेळात मी समोर बसून अजून शोधत असते, त्या बाईनं पाणी पिऊन काय म्हटलं असेल... आणि शेजारच्या बायकांचे ओठ हलताना दिसतात, प्रत्येकीचे वेगळे.