सगळ्यांचा एकच टंबलर

मंडळी, आपल्या मंडळाच्या फळ्यावर आज सुविचाराऐवजी माझी फजिती वाचा.

जॉर्ज टाउनमधल्या आमच्या कचेरीत पाण्याचा एक माठ आहे आणि सगळ्यांना मिळून एकच टंबलर. इथले लोक ओठ न लावता वरून पाणी पितात. मी पुण्याहून मद्रासला बदलून आलेला. मला वाटायचं, हे सोवळं!

आज खोकत खोकत मी टंबलर तोंडाला लावला. शेजारच्या टेबलावरचे रामाराव, तंजावरकडचे मराठी, हळूच म्हणाले, "वरून प्या हो, एच्चिल होईल."

एच्चिल म्हणजे उष्टं, एवढं तमिळ मला येत होतं. डोकंच फिरलं. "तुमची शिवाशिव अजून सुटत नाही का?" मी सगळ्यांदेखत ओरडलो आणि मुद्दाम ओठ लावून पाणी संपवलं.

रामाराव आवाज न चढवता म्हणाले, "शिवाशिव नव्हे हो. एच्चिल म्हणजे थुंकी पण. तुम्हांस खोकला आहे, आणि टंबलर आम्हां समस्तांना एकच."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. टंबलर चिंचेनं घासून आणला, तरी एवढ्या उकाड्यात संध्याकाळपर्यंत माठाकडे कोणी फिरकलं नाही.

उद्या घरून माझा पेला नेईन. पण रामारावांना जे बोललो, ते कशानं घासू?