कंसात सापडलेला नातजावई

बसा. चहा गार होण्याच्या आत माझी फजिती सांगून टाकतो. उद्या ती दुसऱ्या कोणाकडून कळली, तर तीत भर पडलेली असेल. आणि भर घालण्याजोगे मी काही शिल्लक ठेवलेले नाही!

मी उदगीरचा. सातवीनंतर शाळा सुटली. पुढे चाळीस वर्षे घड्याळे दुरुस्त केली आणि हाती येईल ते वाचले : पुड्यांचे कागद, औषधांच्या खोक्यातल्या घडीच्या चिठ्ठ्या, शेजाऱ्यांची पत्रे (अर्थात त्यांच्या परवानगीने). या अभ्यासातून एक सिद्धान्त हाती आला. जगाला दाखवायचे ते माणूस वाक्यात लिहितो, खरे असते ते कंसात घालतो, आणि जेथे लिहवत नाही, तेथे अपसारण चिन्ह (ज्याला तुम्ही डॅश म्हणता) मारून मोकळा होतो.

आता सांगा, असा माणूस घरात असताना नातीसाठी आलेला बायोडाटा कोणी माझ्या हाती द्यावा काय?

विलासने, म्हणजे माझ्या चिरंजीवांनी, दिला. मुलगा नांदेडचा, नाव अनिकेत. लातूरला ज्या प्रयोगशाळेत आमची शुभांगी काम करते, तेथेच तोही. दोघांचे आधीच जुळलेले होते. आमच्यापुढे केवळ रीत म्हणून कागद आला होता.

रीत म्हणून आलेला कागदही मी वाचतो. डोळ्याला घड्याळाचे भिंग लावले, लाल पेन्सिल घेतली.

स्वभाव : मनमिळाऊ (परिचय झाल्यानंतर).
प्रकृती : उत्तम (सध्या).
स्वयंपाक : सर्व येतो — पुरणपोळी वगळून.
अपेक्षा : घरची मंडळी समजूतदार असावीत (याआधीचा अनुभव लक्षात घेता).

मी भिंग काढले. पुसले. पुन्हा लावले.

“विलास,” मी म्हणालो, “या मुलाचे एक लग्न होऊन मोडलेले आहे.”

“काय बोलून राहिलात आबा! कुणी सांगितलं?”

“कोणी सांगायला कशाला हवे? मजकूर सांगतो. ‘याआधीचा अनुभव’! कसला अनुभव? आणि तरुण मुलगा सर्व स्वयंपाक केव्हा शिकतो? बायको सोडून गेल्यावर! ती गेली, तेव्हा पुरणपोळी तेवढी शिकायची राहिली होती. त्या धक्क्याने प्रकृती ढासळली, ती ‘सध्या’ उत्तम आहे. लिहिणारा अर्धवट शिकलेला दिसतो. पण लबाड आहे.”

शुभांगी दारातच उभी होती. तिचा चेहरा पडला.

“आबा, तीन वर्षं रोज बघून राहिले मी त्याला. त्याला साधा चहा करता येत न्हाई!”

“ते ऐकीव झाले, बाळ. लेखी काय आहे?”

ती आत गेली आणि जेवायलाही बाहेर आली नाही. येथे मी थांबायला हवे होते. थांबलो का? मी तो कागद घेऊन युसूफभाईंच्या बांगड्यांच्या दुकानात गेलो. केवळ एक विद्वत्तापूर्ण निरीक्षण म्हणून त्यांना सांगितले.

“आबासाब,” ते म्हणाले, “कागद कशाला वाचायला? पोराला वाचा ना!”

परंतु दुकानात गिऱ्हाईक होते. संध्याकाळपर्यंत आमच्या गल्लीत अनिकेतची एक बायको देगलूरला नांदत होती आणि तिला दोन जुळी मुले होती!

रविवारी आम्ही एस.टी.ने नांदेडला निघालो. “आबा, तिथं कागद काढायचा न्हाई,” असे विलासने वाटेत तीनदा बजावले. शुभांगी खिडकीबाहेर पाहत होती. मोडलेल्या घराच्या संकटातून नातीला वाचवणाऱ्या पुरुषाने जसे बसावे, तसा मी ताठ बसलो होतो.

तेथे तरोडा भागात त्यांचे घर. साधी, हसतमुख माणसे. मुलगा पाया पडला. पोहे आले, चहा आला. आणि चहाबरोबर मी कागद काढला.

“पहिली बायको सध्या कोठे असते?”

अनिकेतच्या हातातली बशी खाली पडली. त्याची आई त्याच्याकडे पाहू लागली, त्याचे वडील आईकडे. विलासने डोळे मिटले.

“कुणाची बायको?” वडिलांनी विचारले.

मी उभा राहिलो. कंसामागून कंस वाचून दाखवला. पुरणपोळीपाशी तर आवाज किंचित कापवला. वाचन संपवून मी कागदाची घडी घातली. माझा विजय झाला आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

तेवढ्यात अनिकेतची आई पदर तोंडाला लावून हसू लागली.

“अवो आबा, ह्ये तुमचंच हाय की!”

“माझे?”

“आमच्याकडं कुठला बायोडाटा? शुभांगीचा आला, लई झ्याक लिहिलेला. ह्यांनी तोच झेरॉक्सवाल्याला दिला. म्हणले, असाच कर, नावं तेवढी बदल.”

“सगळं सोडून नावंच बदलली त्यानं,” वडील म्हणाले. “आन् इतकं बारीक कोण वाचतंय, आबा?”

त्यांनी कपाटातून शुभांगीचा बायोडाटा आणून माझ्यापुढे ठेवला. तोच स्वभाव, तीच प्रकृती, तीच पुरणपोळी. दोन वर्षांपूर्वी तो मीच लिहिला होता. काय आहे, स्वतःचे लिहिलेले पुन्हा वाचण्याचा माझा प्रघात नाही. वाचावे ते दुसऱ्याचे! अर्धवट शिकलेला, लबाड लेखक आपला चहा तसाच धरून खाली बसला.

एवढ्यावर निभावले असते. पण अनिकेतच्या वडिलांनी चष्मा चढवला, शुभांगीचा कागद उचलला आणि एका ओळीवर बोट ठेवले.

“मंग आबा, आता तुम्हीच सांगा. पोरीचा ‘याआधीचा अनुभव’ म्हंजे काय वो?”

पाहा दैवाचा खेळ! माझ्याच पद्धतीने माझ्याच नातीचे एक लग्न मी मोडून ठेवले होते, आणि तेही लेखी!

“ते… म्हणजे… एक स्थळ आले होते,” मी म्हणालो. “लातूरचे. त्यांनी पुढे कळवले नाही.”

“कळवतील कसं?” शुभांगी दिवसभरात प्रथमच बोलली. “आबांनी त्यांचा बायोडाटा तपासून, लाल खुणा करून, वर ‘पुन्हा लिहावा’ असा शेरा मारून परत पाठवला होता!”

आधी अनिकेत हसला. मग त्याचे वडील असे हसले, की शेजारची बाई डोकावून गेली. विलाससुद्धा हसला, जो माझ्यासमोर कधी हसत नाही. हसू ओसरले, तेव्हा अनिकेतच्या आईने साखरेची वाटी आणली आणि शुभांगीच्या हातावर साखर ठेवली.

“पोरगी आम्हाला पसंत हाय,” वडील म्हणाले. “हुंडा न्हाई, मानपान न्हाई. अट एकच. लग्नाची पत्रिका आबांच्या हाती द्यायची, पण छापून झाल्यावर!”

“हाव, मान्य!” हे मी नव्हे, शुभांगी म्हणाली.

काल पत्रिका आली. तीत माझ्या नावापुढे एक कंस उघडला आहे आणि तो शेवटपर्यंत कोठेही बंद झालेला नाही. म्हणजे मजकुराच्या आधारे पाहता वधू, वर, दोन्हीकडचे मामा आणि खाली छापलेली सगळी चिल्लीपिल्ली माझ्याच कंसात आहेत!

मी हे शुभांगीला दाखवायला गेलो. तिने पत्रिका पाहिली, मग माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाली, “आबा, ‘आग्रहाचे निमंत्रण’सुद्धा त्या कंसातच आहे. जरा बोललात, तर तुमचं रद्द करून टाकीन.”

तेव्हापासून मी चूक पाहतो आणि चहा पितो.