आक्कानं सांगितलेलं पुस्तक

जुन्नरच्या जुन्या बाजारात आमचं औषधांचं दुकान आहे. दुपारी नवरा जेवायला घरी जातो आणि मी दुकानात बसते. त्या वेळेला गिऱ्हाईक कमी असतं, म्हणून मी वाचते. लग्न झाल्यापासूनची ही सवय. वाचताना मी रडायची, हेही बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं. खोकल्याचं औषध मागायला आलेला नवखा माणूस दचकून विचारायचा, वहिनी, काय झालं, घरी बरंय ना? मी पुस्तक वर करून दाखवायची. शेजारी बांगड्यांचं दुकान आहे, तिथले चाचा तर माझे लाल डोळे बघून एवढंच विचारायचे, "आज कोण गेलं, बेटा?"

माझी मोठी बहीण, आक्का, डिंभ्याला दिलेली. दाजींची थोडी शेती आणि धरणाच्या पाण्यात मासेमारी. आक्काही वाचायची, पुस्तकं माझ्याकडूनच न्यायची, पण तिच्या डोळ्यात मी कधी टिपूस पाहिलं नाही. पुस्तक परत देताना "बरं होतं" म्हणायची, की संपलं. मी तिला दगडी म्हणून चिडवायची. मी ज्या पानांवर हुंदके दिले त्या पानांबद्दल विचारलं तर हसायची. एकदा म्हणाली, "कागदावरच्या माणसांना इतकं रडतीस, माझ्यासाठी काही शिल्लक ठेव."

पावसाळ्यात तिचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, आजार कळला तेव्हा फार पुढं गेलेला होता. दिवाळीनंतर ती गेली.

मला रडू आलं नाही. डिंभ्याला पोचले तेव्हा अंगणात बायका बसलेल्या होत्या. एकेक जण उठून माझ्या गळ्यात पडत होती आणि मी एकेकीला धरून उभी राहत होते. माझा खांदा भिजला तो त्यांच्या डोळ्यांतल्या पाण्यानं. एक म्हातारी दुसरीला म्हणाली की हिला रडवा, आत बसलं तर वाईट असतं. मग कुणीतरी मला आक्काच्या लहानपणीच्या गोष्टी सांगायला लावल्या. मी सांगितल्या. ऐकताना त्या बायका रडल्या, मी पाणी प्यायले.

दहावं झालं, तेरावं झालं. मी दुकानात बसायला लागले. कुठली गोळी जेवणाआधी, कुठली नंतर, सगळं नीट सांगत होते. जेवण जात होतं, झोप लागत होती. फक्त सगळं एखाद्या जाड काचेपलीकडं चाललंय असं वाटायचं, आणि काचेचंही काही वाईट वाटत नव्हतं.

मग मी एक उपाय करून पाहिला. ज्या कादंबऱ्यांनी मला हमखास रडवलं होतं त्या कपाटातून काढल्या. एकीत म्हातारा बाप रोज एसटी स्टँडवर जाऊन बसतो. एकीत आई मुलीला आश्रमशाळेत सोडून वळून न बघता चालायला लागते. ती पानं मला पाठ होती. मी ती वाचली, पुन्हा वाचली. अक्षरं दिसत होती. बाप बसला होता, आई चालत होती. मला एवढंच जाणवलं की दुसऱ्या कादंबरीत शुद्धलेखनाच्या चुका फार आहेत. याआधी त्या कधी दिसल्या नव्हत्या. चाचांनी एकदा दारातून डोकावून बघितलं आणि काही न विचारता परत गेले.

त्यानंतर मी वाचणंच सोडलं. दुपारी रस्त्याकडं बघत बसायची.

महिन्या-दोन महिन्यांनी भाचीचा फोन आला. आक्काची ही एकुलती मुलगी, पेठला दिलेली. म्हणाली, मावशी, बाबा तुझी आठवण काढतायत, एकदा जाऊन ये. दुकान बंद असतं त्या दिवशी मी निघाले. घोडेगावला एसटी सोडली, पुढं जीपनं डिंभ्याला.

दाजी पडवीत जाळं घेऊन बसले होते. फाटलेलं सांधत होते. चहा झाला, भाचीची, पाण्याची, पिकाची चौकशी झाली. मग ते आत गेले आणि एक पुस्तक घेऊन आले. माझंच होतं. रेल्वेच्या फाटकवाल्याच्या बायकोनं लिहिलेलं आत्मकथन. गावापासून दूर रुळाच्या कडेला एका खोलीत त्या बाईनं संसार केला, त्याची हकिकत. आक्कानं आजारपणात ते मागून नेलं होतं. बरंच पुढं एका पानाचा कोपरा दुमडलेला होता.

"हितपातूर झालं व्हतं तिचं," दाजी म्हणाले. "वाचायची आन मला सांगायची. पुढचं ऱ्हायलं. तुमी वाचून दावता का?"

दाजींना वाचता येतं, पण बिलं आणि पाट्या, तेवढंच. मी दुमडलेलं पान उघडलं आणि वाचायला लागले. रेल्वेची लाइन दुहेरी होणार, खोली पाडणार, सामान हलवा असा हुकूम येतो, तो भाग होता. माझा आवाज बातम्या वाचल्यासारखा येत होता. दाजी सुई चालवत ऐकत होते. प्रकरण संपलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मंग आता त्या गार्डाला कळायचं कसं, की ह्ये लोक हितनं गेले?"

मला वाटलं मीच विसरले असेन. कुठला गार्ड, म्हणून विचारलं.

"मालगाडीचा. पोराला तापात गाडीत घालून दवाखान्यात नेलं, त्यो."

पुस्तकात गार्ड नाही. पुस्तकात ती बाई धाकट्या मुलाला ताप भरल्यावर कंदील घेऊन रुळाशी उभी राहते, मालगाडीला हात करते आणि गाडी थांबत नाही. मूल उजाडायच्या आत जातं. रुळापलीकडच्या लिंबाखाली त्याला पुरतात, आणि दुहेरी लाइनच्या खडीखाली आता तीच जागा जाणार असते. या भागाशी आल्यावर मी एके काळी दुकानाचं शटर ओढून घेतलं होतं.

खोटं बोलायचं मला सुचलं नाही. सुचायला आत काहीतरी हलावं लागतं. मी सांगून टाकलं की दाजी, पुस्तकात गार्ड नाहीये, गाडी थांबतच नाही.

दाजींची सुई थांबली. "मंग पोरगं?"

"ते गेलं. त्याच तापात."

त्यांनी ती जाळ्यात खोचून ठेवली. मग सावकाश म्हणाले, "आमाला तर दुसरीत गेल्यालं सांगितलं व्हतं."

मी पुस्तक मिटलं. दाजींनी हळूहळू मला सगळं सांगितलं. आक्काच्या सांगण्यात गाडी थांबली होती. गार्ड खाली उतरला, मायलेकरांना मागच्या डब्यात बसवलं आणि शहरात उतरवलं. पोरगा बरा झाला. पुढं ती गाडी गेली की गार्ड कागदात बांधून शेंगदाणे टाकायचा, शाळेत घातल्यावर एक पाटीही टाकली. दाजींना तो गार्ड फार आवडला होता. आज गार्डानं काय टाकलं, म्हणून ते रोज विचारायचे, आणि आक्का पडल्या पडल्या काहीतरी टाकायची.

निघताना ते म्हणाले, "पुन्यांदा पयल्यापासनं वाचा. तुमी पुस्तकातलं सांगा, मी तिचं सांगतो."

तेव्हापासून दुकान बंद असेल त्या दिवशी मी डिंभ्याला जायला लागले. कधी जीप वेळेवर मिळायची, कधी घोडेगावात खोळंबायची. नवऱ्यानं एकदाच विचारलं की दगदग होत नाही का. म्हटलं, होत नाही. खरंच होत नव्हती. धरणाचं पाणी खाली गेलं तसं दाजींना जाळं लांब न्यावं लागत होतं, पण मी यायच्या दिवशी ते घरीच असायचे.

मी एक प्रकरण वाचायची, मग दाजी आक्काचं प्रकरण सांगायचे. पुस्तकात सासू सुनेला भर उन्हात घराबाहेर काढते. आक्काच्या पुस्तकात सासू ठार बहिरी होती आणि सगळे तंटे त्यातून होत होते. पुस्तकात शेळी नव्हती. आक्कानं एक शेळी घातली होती, तिला गाड्यांच्या वेळा कळायच्या आणि पॅसेंजर यायच्या आधी ती रुळावरून आपण होऊन बाजूला व्हायची. ती शेळी आक्काच्याच गोठ्यातली, मी लगेच ओळखली. पण सगळंच तिनं बदललं नव्हतं. त्या बाईचं एकटीनं झालेलं बाळंतपण, रॉकेल संपल्यावरच्या रात्री, नवऱ्याचा मार, हे सगळं तिनं जसंच्या तसं सांगितलं होतं. बाईनं सोसलेलं ठेवलं होतं. लेकरांना मात्र तिनं हात लावू दिला नव्हता.

एकदा भाची आली होती. शेळीचं ऐकून ती पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. इथं आपल्यालाही काहीतरी व्हायला हवं, हे मला कळत होतं. दगडी म्हणून मी जिला चिडवत आले, तिला कागदावरचं पोरगंही मरू देववलं नव्हतं. हे मी मनात नीट मांडून बघितलं. ते मांडलेलं तसंच राहिलं. मी उठून चहा टाकला.

होळी झाली. त्या सुमाराला आम्ही दुमडलेल्या पानाशी पोचलो. मी पान उलटून वाचायला लागणार तेवढ्यात दाजींनी हात वर केला.

"थांबा," ते म्हणाले. "पुस्तकातलं कळलं मला, खडी टाकणार पोराच्या त्या जागंवर. त्ये ऱ्हाऊ द्या. हितनं पुढं तिचं कोन सांगनार?"

दाजींनी जाळं बाजूला ठेवलं. "तुमी सांगा."

मी कधी काही रचून सांगितलेलं नाही. मी वाचणारी बाई. मला जमणार नाही म्हटलं, तर त्यांनी नुसती मान हलवली आणि वाट बघत बसले. मग मी पुस्तक मांडीवर उपडं ठेवलं आणि सुरुवात केली. खोली पाडली, त्या लोकांना स्टेशनजवळ नवी खोली मिळाली. शेळी नेली का, दाजींनी विचारलं. नेली, मी म्हटलं, गार्डानंच डब्यातून नेली. ते त्यांना पटलं. पोरगा नव्या शाळेत गेला, शिकला. पुढं काय करावं मला कळेना. आक्कानं काय केलं असतं, असा विचार करून पाहिला, तिचा चेहरा आठवला, आवाज काही आठवेना. दाजी थांबले होते.

"मोठा झाल्यावर एसटीत कंडक्टर लागला," मी म्हटलं.

"रेल्वेत का न्हाई?"

"रेल्वेत जागा नव्हत्या."

हे त्यांना बरोबर वाटलं. "कुठल्या डेपोला?"

"नारायणगाव."

दाजींच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी काहीतरी सैल झालं. "मंग जवळच हाय की," ते म्हणाले. मग त्यांनी डोळे पुसले, जाळं उचललं आणि ऊन उतरायच्या आत पाण्यावर जायला हवं म्हणाले. मी त्यांच्यासोबत उतारापर्यंत चालत गेले. त्यांनी होडी ढकलली, मी नुसती उभी होते. छातीत कुठं काही हललं का, हे मी तपासून पाहिलं. तसं काही सांगता येण्यासारखं नव्हतं. जीपवाला वरून हॉर्न वाजवत होता.

घरी पोचले तेव्हा नवरा दिवाबत्ती करून बसला होता. त्यानं विचारलं, झालं का एकदाचं ते पुस्तक?

"नाही," मी म्हटलं. "मुलाचं लग्न राहिलंय अजून."