सोनियाला बोलवू नका

जाईबाई माझ्या थोरल्या जाऊबाई. तोंडानं फटकळ, पण पोटात काही ठेवायच्या नाहीत. भाटघर धरणाच्या अंगाला आमची वस्ती. नवरा गेल्यावर दुसऱ्यांच्या खाचरात भात लावून बाईंनी लेक शिकवली. सोनिया बारावी झाली आणि पुण्याला नर्सिंगला तिचा नंबर लागला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं माणूस तोवर एकही नव्हतं.

फी आणायची कुठनं? पौर्णिमेला विहारात वंदना झाली आणि बाईंनी सगळ्यांपुढं पदर पसरला. "माज्या एकलीची न्हाई, वस्तीची लेक हाय," म्हणाल्या. वस्तीनं दिलं. भोरात नोकरीला असलेल्यांनी दिलं, तसं धुणीभांडी करणाऱ्यांनीही दिलं. खोटं कशाला बोलू, मला लई अभिमान वाटला.

पण घात तिथंच झाला. ज्यानं दिलं त्याला वाटायला लागलं, आपल्या कार्याला सोनिया पाहिजेच. नामकरण असो, साखरपुडा असो, नाहीतर कुणी गेल्यावरचा जलदान विधी. "आमची नर्स कुठाय?" म्हणून चौकशी. चुलीत घाला तसलं कौतुक! बाईसुद्धा फोन करायच्या, "आगं, त्येंनी हात दिला, तू तोंडबी दाखवायची न्हाईस व्हय?" पोरगी बिचारी एसटीत बसून यायची, पंगतीत वाढायची, परत जायची. कॉलेजात हजेरी भरावी लागते, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात येणार? आणि तिनंही तोंडातून ब्र काढला नाही. ज्यांच्या पैशावर शिकत होती त्यांना नाही कसं म्हणणार?

परीक्षेच्या तोंडावर तिचा फोन आला. आधी नुसते हुंदके. मग कळलं, हजेरी कमी भरली, पेपरला बसू देत नाहीत.

मी आणि बाई पहिल्या गाडीनं पुण्याला गेलो. बाईंनी मोठ्या मॅडमचे पायच धरले. "म्याच बोलवत हुते वो. चूक माजी हाय, पोरीला बसू द्या." मॅडमनी त्यांना उठवून खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. माणूस चांगलं होतं. पण नियमापुढं त्यांचंही चालेना. वर्ष गेलं. पुढच्या महिन्यापासून पहिलं वर्ष पुन्हा, आणि फीसुद्धा पुन्हा.

वस्तीवर आलो तशा बाई चहाही न घेता परत वर्गणी मागायला निघाल्या. मी मागोमाग. पहिलं दार सम्राटचं. सगळ्यांत जास्त त्यानंच दिलं होतं. झालं ते सगळं बाईंनी सांगितलं. तो हळहळला.

"देऊ की काकी, परत देऊ. आपलीच पोरगी हाय."

माझ्या जिवात जीव आला. तेवढ्यात हा शहाणा म्हणतो, "आणि पुढल्या म्हैन्यात आमच्या भैनीचं, संजीवनीचं लगीन हाय. हळदीच्या आदीपास्नं सोनियाला हितं आणून ठेवा. तिच्याबिगर शोभा न्हाई."

बाई उंबऱ्यावर बसल्या आणि रडायलाच लागल्या. मी त्यांना असं रडताना कधी बघितलं नव्हतं, नवरा गेला तेव्हासुद्धा नाही.

"सम्राट, तुजा रुपाया नगं मला. तिला बोलवू नगंस, बाबा. येवढीच वर्गणी दे."

त्याचं तोंड उतरलं. "म्हंजे आमी दिलं त्येच चुकलं म्हणा की!" असं म्हणून तो आत गेला आणि त्यानं दार लावून घेतलं.